जुन्या सूतगिरणीतल्या फ्लॅटचं साउंडप्रूफिंग कसं करायचं

मँचेस्टरच्या अँकोट्समध्ये आम्ही राहतो ती बिल्डिंग आधी सूतगिरणी होती. उघड्या विटांच्या भिंती, बीडाचे खांब, उंच छत, खिडकीखाली रॉचडेल कॅनॉल. फ्लॅट बघायला गेलो ती मंगळवारची दुपार होती, सगळे कामावर गेलेले, त्यामुळे इतकं शांत वाटलं की आम्ही तिथेच हो म्हटलं. पहिल्या शनिवारी रात्री वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली आणि ती माझ्या उशीच्या आतून ओढल्यासारखी ऐकू आली. त्यानंतर दोन-अडीच वर्षं आम्ही थोडं थोडं करत हे घर शांत केलं, पैसे वाया घालवले तेही आणि सार्थकी लागले तेही, आणि इथे किंवा लीड्स-ब्रॅडफर्डकडे मिलमधला फ्लॅट घेणारी आपली बरीच मंडळी हेच विचारतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

आधी हे समजून घ्या की ही बिल्डिंग मुळात शांततेसाठी बांधलेलीच नाही. अँकोट्समधली मरेज मिल्सची सगळ्यात जुनी इमारत १७९८ ची, शेजारची सेजविक मिल १८१८ ते १८२० मधली, आणि या इमारतींचं काम एवढंच की जड मशिनं पेलायची, आगीत टिकायचं आणि भरपूर उजेड आत घ्यायचा. आवाजाचा विचार कोण करणार! लँकेशरच्या विणकाम शेडमध्ये तर लूमचा इतका गदारोळ असायचा की बायका ओठांच्या हालचालीवरून एकमेकींशी बोलायच्या, त्याला मी-मॉइंग म्हणायचे. माझे आजोबा परळच्या मिलमध्ये लूमवर होते, रिटायर झाल्यावरही घरात ओरडूनच बोलायचे, आणि मुंबईच्या गिरण्यांमध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची मशिनं यायची हे ओल्डहॅमपासून इतक्या जवळ राहायला आल्यावर मला जास्त जाणवायला लागलं. असो, मुद्द्यावर येते.

पहिलं काम म्हणजे काहीही विकत घेऊ नका. दोन आठवडे नुसतं ऐका आणि लिहून ठेवा, किती वाजता, कसला आवाज, कुठे उभं राहिल्यावर जास्त. आवाज दोन प्रकारचा असतो आणि दोघांचा उपाय वेगळा. बोलणं, टीव्ही, गाणी हा हवेतून येणारा आवाज. पावलं, खुर्ची, दार आपटणं, वॉशिंग मशीनचा स्पिन हा धक्क्याचा आवाज, तो बिल्डिंगच्या हाडांतून येतो. नवीन बिल्डिंगमध्ये वरच्यांचा आवाज बहुतेक वेळा वरूनच येतो. मिलमध्ये तसं नाही. बीडाचे खांब तळापासून वरपर्यंत एकावर एक उभे आहेत, तुळया भिंतीत घुसलेल्या आहेत, आणि ती सुंदर उघडी विटांची भिंत चार मजले अखंड वर गेलीये. आवाज या सगळ्यातून वळसा घालून येतो.

हे तपासायची साधी युक्ती सांगते. मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याचं टोक खांबाला टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. मग तसंच भिंतीला, मग खिडकीच्या चौकटीला, मग पाइप झाकणाऱ्या खोक्याला, म्हणजे बॉक्सिंगला. आमच्याकडे वॉशिंग मशीन चालू असताना छताखाली उभं राहिलं तर थोडीशी घरघर आणि खांबाला स्क्रूड्रायव्हर लावला तर अख्खं मशीन कानात फिरायचं. मशीन होतं दोन मजले वर! मधल्या मजल्यावरच्यांना तर आपल्या घरातून काही जातंय याचा पत्ताच नव्हता. मी जर तेव्हा सिलिंगवर पैसे घातले असते तर त्या घरघरीत शून्य फरक पडला असता.

दुसरं काम परवानग्यांचं, आणि हे टाळायचं नाही म्हणजे नाही. इथल्या बऱ्याच मिल लिस्टेड आहेत, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत आहेत, आणि लिस्टेड म्हणजे फक्त दर्शनी भाग नाही, आतले खांब, कमानी, जुन्या फळ्या सगळं आलं. परवानगी न घेता त्यात बदल केला तर १९९० च्या कायद्याप्रमाणे तो फौजदारी गुन्हा होतो. म्हणून कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरशी आधीच बोला, आमचा अनुभव चांगला होता, उद्या काढून टाकलं तर मूळ वास्तू जशीच्या तशी राहील असं काम असलं की बोलणं सोपं जातं. शिवाय फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतो, त्यामुळे फ्रीहोल्डरचं, म्हणजे बिल्डिंगच्या मूळ मालकाचं, लेखी लायसन्स लागतं. तेव्हाच आपलं लीज पण बाहेर काढून वाचा, कित्येक लीजमध्ये फ्लॅटमध्ये कार्पेट हवंच अशी अट असते, आणि वरच्यांनी ती अट मोडून लाकडी फ्लोअरिंग टाकलेलं असेल तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच आहे.

तुमच्या मिलचं कन्व्हर्जन, म्हणजे गिरणीचे फ्लॅट, कधी झालं तेही विचारा. इंग्लंडमध्ये फ्लॅटमधल्या आवाजाचे आत्ताचे नियम २००३ पासूनचे आहेत. नवीन बांधकामात दोन घरांमधली भिंत किंवा मजला हवेतला आवाज कमीत कमी ४५ डेसिबल अडवायला हवा, कन्व्हर्जन असेल तर ४३ चालतो. धक्क्याच्या आवाजाची मर्यादा नवीनला ६२ आणि कन्व्हर्जनला ६४, हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. म्हणजे कन्व्हर्जनला आधीच सवलत आहे आणि ऐतिहासिक इमारत असेल तर जेवढं शक्य तेवढं करा एवढीच अपेक्षा. फ्लॅटची कागदपत्रं मिळाली तर त्यात साउंड टेस्टचा रिपोर्ट असतो का बघा. धक्क्याची टेस्ट ज्या यंत्राने करतात त्यात अर्ध्या किलोचे पाच हातोडे असतात, ४ सेंटिमीटरवरून ते जमिनीवर पडत राहतात, सेकंदाला दहा ठोके. खाली मायक्रोफोन लावून मोजतात.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. सुरुवात भोकांपासून करा, कारण हे सगळ्यात स्वस्त आणि फरक सगळ्यात आधी जाणवतो. हिशोब बघा: १० चौरस मीटरची भिंत आहे, त्यात १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचं एक भोक आहे, तर बाकीची भिंत किल्ल्याच्या तटासारखी असली तरी एकूण ३० डेसिबलच्या वर तुम्ही जाऊच शकत नाही. आणि जुन्या मिलमध्ये भोकं किती! मशिनांचे शाफ्ट जायचे ती, पट्टे जायचे ती, स्प्रिंकलरची, नंतर डेव्हलपरने पाइपांसाठी पाडलेली. स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी असते त्या पट्टीच्या खाली, तुळई भिंतीत शिरते तिथे गोल, सॉकेटच्या मागे, किचन कॅबिनेटच्या आत सगळीकडे हात फिरवा, गार वारा लागला की समजा तिथून आवाज पण येतो. बारीक फटीत लवचिक अकूस्टिक सीलंट भरायचं, साधं फिलर नको, ते वाळून तडकतं. मोठ्या भोकात आधी मिनरल वूल, म्हणजे खनिजाच्या तंतूंची लोकर, ठासून मग वरून बंद. पण जे भोक दुसऱ्याच्या घरात किंवा जिन्यात उघडतं ते आगीच्या दृष्टीने पण महत्त्वाचं, तिथे फायर रेटिंगवालं मटेरियल आणि ते काम करणारा माणूसच हवा. आणि जुन्या विटांच्या सांध्यात चुना असतो, तिथे सिमेंट भरू नका, चुन्याचंच काम करून घ्या, सिमेंटने ओल विटेत अडकते आणि वीट फुटायला लागते.

घराचं मुख्य दार हे पण एक मोठं भोकच आहे, पण ते फायर डोअर असतं, त्यामुळे स्वतः रंधा मारणं, पट्ट्या काढणं, भोक पाडणं काही करू नका. दाराच्या सर्टिफिकेटला चालतील अशी सील आणि दार बंद झाल्यावर खाली उतरणारी पट्टी मिळते, ती माहीतगार माणसाकडून बसवून घ्या.

आता मजला आणि छत, इथे जरा सविस्तर बोलते कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. तुमच्या डोक्यावर नेमकं काय आहे ते बघा. विटांच्या कमानी आणि बीडाच्या किंवा लोखंडी तुळया असतील तर वजन भरपूर आहे, बोलण्याचा आवाज त्यातून फारसा येत नाही, पण पावलांचा येतो. लाकडी तुळया आणि जाड फळ्या असतील तर दोन्ही येतात. कधीकधी फळ्यांच्या खाली राख, वाळू, चुन्याचा चुरा भरलेला सापडतो, त्याला इथे पगिंग म्हणतात. ते घाण समजून काढून टाकू नका! ते जुन्या काळचं वजनच आहे, आणि वजन दुप्पट केलं की साधारण ५ ते ६ डेसिबल मिळतात. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणून नुसतं वजन वाढवत बसून भागत नाही, मध्ये तोड पण लागते. जड थर, मग मऊ थर किंवा रिकामी जागा, मग परत जड थर. साउंडप्रूफिंगचं बहुतेक सगळं गणित यात आलं.

धक्क्याचा आवाज जिथे सुरू होतो तिथेच थांबवणं सगळ्यात चांगलं, म्हणजे वरच्यांच्या जमिनीवर. जुन्या फळ्यांवर २५ मिलिमीटरचा घट्ट मिनरल वूलचा थर, त्यावर सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे दोन थर बोर्ड, दोन्ही मिळून चौरस मीटरला निदान २५ किलो, आणि हे सगळं खाली कुठेही खिळा न मारता नुसतं तरंगत ठेवायचं. भिंतीला आणि विशेष करून खांबाला ते टेकता कामा नये, गोल कापून मध्ये मऊ पट्टी घालायची. स्कर्टिंग पण जमिनीपासून किंचित वर ठेवायचं आणि फट सीलंटने भरायची. ४० चौरस मीटरच्या खोलीत नुसत्या बोर्डाचंच वजन एक टन होतं, मिल मशिनांसाठी बांधलेली असली तरी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय घालू नका, नंतर कोणी कुठली तुळई कापलीये ते आपल्याला माहीत नसतं.

वरचे लोक तयार नसतील तर खालून करावं लागतं, आणि इथे जीव तुटतो, कारण त्या सुंदर तुळया आणि कमानी झाकाव्या लागतात. माझं स्पष्ट मत, हॉलमधलं मूळ छत झाकू नका. ते झाकलं तर मिलमध्ये राहायचं तरी कशाला? आम्ही फक्त बेडरूममध्ये केलं, तिथे डेव्हलपरने आधीच साधं सपाट सिलिंग टाकलेलं होतं, जुनं काही झाकलं जाणार नव्हतं. उंची भरपूर असेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे वेगळ्या तुळयांवर स्वतंत्र सिलिंग, वरच्या मजल्याला कुठेही न टेकणारं, १०० मिलिमीटर मिनरल वूल आणि दोन थर प्लास्टरबोर्ड मिळून चौरस मीटरला २० किलो. उंची नसेल तर रेझिलियंट बार, म्हणजे पातळ पत्र्याच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या, त्या तुळयांना आडव्या लावायच्या आणि बोर्ड फक्त त्या पट्ट्यांवर लटकवायचे.

आमच्याकडे काय झालं ते मुद्दाम सांगते. बारवर १५ मिलिमीटरचे दोन अकूस्टिक बोर्ड, सगळं सामान बरोबर, कारागिराला पैसे पूर्ण दिले, आणि पहिल्या रात्री पावलं जशीच्या तशी. दोन आठवडे मी छताकडे बघत पडून राहायचे आणि वाटायचं मलाच भास होतोय का. शेवटी दुसऱ्या एका अनुभवी सुताराला बोलावलं, त्याने एका कोपऱ्यातला एकच स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. ६५ मिलिमीटर. दोन बोर्ड ३०, बार १६, म्हणजे ४६ च्या पुढे गेलेला प्रत्येक स्क्रू सरळ लाकडी तुळईत घुसलेला, आणि स्क्रूच्या टोकाला तुळईच्या लाकडाचा पिवळा भुसा चिकटलेला. स्प्रिंग ठेवायची आणि तिलाच खिळ्याने ठोकून टाकायची असं झालं ते. त्याने सगळे लांब स्क्रू काढून ४२ चे बसवले, कडेला बोर्ड भिंतीला घासत होता तिथे कापून ५ मिलिमीटर फट ठेवून सीलंट भरलं, आणि त्या रात्री वरच्यांचं चालणं मला ऐकू यायचं पण जाग येत नव्हती. म्हणून काम चालू असताना समोर उभं राहा आणि स्क्रूचं पाकीट स्वतः वाचा. या सिलिंगमध्ये डाउनलाइटसाठी भोकं पाडू नका, दिवे भिंतीवर घ्या.

काम सुरू करायच्या आधी अजून दोन गोष्टी. जुन्या खांबांच्या रंगात शिसं असू शकतं, पॉलिश पेपर मारू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. आणि २००० सालाच्या आधी काही काम झालेलं असेल तर ॲस्बेस्टॉसची तपासणी झाल्याशिवाय कुठलंही जुनं सिलिंग किंवा बॉक्सिंग फोडायचं नाही.

शेजारच्या फ्लॅटची भिंत बहुतेक वेळा जुनी नसते, डेव्हलपरने घातलेलं पार्टिशन असतं, त्यामुळे ती करायला सोपी. तिच्यापासून १० मिलिमीटर सुटी अशी मेटलची चौकट फक्त जमीन आणि छताला धरून उभी करायची, मध्ये मिनरल वूल, वर दोन थर बोर्ड. खोली साधारण १० सेंटिमीटर लहान होते. पण बाहेरची विटांची भिंत आतून असं काही लावून बंद करू नका. ती जाडजूड भिंत आवाज आधीच अडवते, आणि मँचेस्टरच्या पावसात भिजलेली ती वीट आतल्या बाजूने वाळते, ते बंद केलं तर ओल तुळयांच्या टोकाशी साठते आणि भिंतीत गेलेलं लाकूड कुजतं. आपल्याला वरून काही दिसतही नाही.

बाहेरचा आवाज येतो तो खिडकीतून. अँकोट्समधल्या कटिंग रूम स्क्वेअर या चौकाच्या आसपास शुक्रवार-शनिवार रात्री काय असतं ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. लिस्टेड बिल्डिंगमध्ये मूळ खिडकी बदलायला मिळणं कठीण, म्हणून आतून दुसरी काच, सेकंडरी ग्लेझिंग. इथे काचेपेक्षा मधलं अंतर महत्त्वाचं, १०० ते २०० मिलिमीटर ठेवा, मिलच्या भिंती इतक्या जाड असतात की कट्ट्यावर तेवढी जागा सहज मिळते. काच लॅमिनेटेड घ्या आणि बाहेरच्या काचेपेक्षा वेगळ्या जाडीची, दोन्ही सारख्या असल्या की एकाच सुराला दोन्ही थरथरतात. हवा येण्याचे व्हेंट बंद करू नका, फोडण्या आणि कुकरच्या वाफेने आठवड्यात काळी बुरशी धरेल, त्याऐवजी आवाज अडवणारे व्हेंट मिळतात ते लावा.

संडासाच्या पाइपचा खळखळाट पटकन सुटतो. पाइपला २५ मिलिमीटर मिनरल वूल गुंडाळायचं आणि भोवती चौरस मीटरला १५ किलोचं बॉक्सिंग, पाइपला कुठेही न टेकणारं.

फोमचे खवलेदार तुकडे आणि अंड्यांचे ट्रे मात्र यात कशालाच उपयोगी नाहीत. शेजाऱ्यांचा आवाज ते अडवत नाहीत. ते फक्त आपल्याच खोलीतला घुमारा कमी करतात, आणि मिलच्या उंच खोलीत, विटा, काच आणि लाकूड, घुमारा असतोच, त्यासाठी जाड पडदे, गालिचा, पुस्तकांनी भरलेलं कपाट पुरतं. दुकानात एखाद्या मटेरियलवर मोठा आकडा दिसला तर तो लॅबमधला असतो हेही लक्षात ठेवा, घरात वळसा घालून येणाऱ्या आवाजामुळे तेवढं कधीच मिळत नाही, आणि खालच्या पट्टीचा आवाज, म्हणजे बास आणि मशीनची घरघर, अडवणं सगळ्यात कठीण.

मग त्या खांबातल्या घरघरीचं काय? खांबाला काही करता येत नाही, तो बिल्डिंगचा कणा आहे. मी दोन मजले वर गेले, घरी केलेले बेसनाचे लाडू घेऊन, आणि त्यांना खाली बोलावून तो स्क्रूड्रायव्हर त्यांच्या कानाला लावला. चेहराच बदलला त्यांचा. मशीन खांबाला चिकटून ठेवलेलं होतं. त्यांनी ते हातभर सरकवलं, लेव्हल करून घेतलं, खाली जाड रबराचे पाय बसवले. बास. पूर्ण गेला नाही आवाज पण स्पिन चालू असताना आता बाळ झोपतं.

आणि आपला पण आवाज तपासा. आमच्या खालच्या आजींना मी विचारलं तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या की संध्याकाळी सातच्या सुमाराला काहीतरी ठोकल्याचा आवाज येतो, रोज. तो माझा खलबत्ता होता, आलं-लसूण ठेचायची वेळ, आणि किचनचा ओटा भिंतीला घट्ट बसवलेला. आता खलबत्त्याखाली रबराची मॅट आणि वर सतरंजीच्या तुकड्याच्या चार घड्या असतात, आणि तो ओट्यावर नाही, सुट्या लाकडी टेबलावर असतो. तुमच्याकडे मिक्सर, कुकर, ट्रेडमिल जे काही असेल ते चालू ठेवून एकदा खालच्यांच्या घरी जाऊन पाच मिनिटं उभे राहा.

सगळं झाल्यावर जमलं तर परत टेस्ट करून घ्या, आधीचा आणि नंतरचा आकडा, परवानग्यांची पत्रं, आणि बोर्ड बंद करायच्या आधी काढलेले आतले फोटो एका फाइलमध्ये ठेवा. फ्लॅट विकताना वकील ती सगळी मागतोच.